गाडीतून उतरा, मग टाकी उघडा: पेट्रोल पंपावर इंधन भरताना घ्यायची काळजी

आपल्याकडे गाडीत इंधन आपण भरत नाही, पंपावरचा कर्मचारी भरतो. त्यामुळे बहुतेक चालक काच अर्धी खाली करून ‘दोन हजारांचे टाक’ एवढे सांगतात, सीटजवळचा खटका ओढून टाकीची झडप उघडतात आणि मोबाइलमध्ये डोके घालून बसून राहतात. चुकीचे इंधन जाणे, मीटर शून्यावर नसणे, टाकी ओसंडणे, झाकण मशीनवरच राहून जाणे या सगळ्या चुका नेमक्या त्याच चार-पाच मिनिटांत घडतात आणि गाडीत बसलेल्या माणसाला त्यांतले काहीही दिसत नाही. म्हणून पुढे जे काही सांगितले आहे त्याचा पाया एकच आहे: इंजिन बंद करून गाडीतून खाली उतरावे आणि नोझल परत मशीनवर जाईपर्यंत मशीनजवळ उभे राहावे.

धोका नेमका कशाचा असतो

द्रव पेट्रोलपेक्षा त्याची वाफ अधिक धोकादायक असते. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते, म्हणजे आपल्या हवामानात ते सदासर्वकाळ पेटण्याच्या तयारीत असते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्यामुळे वर उडून जात नाही, तर जमिनीलगत पसरत जाऊन खोलगट जागी साचते. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के झाले की एक ठिणगी पुरते. त्यामुळे टाकीपासून दहा-बारा फुटांवर टाकलेले विडीचे थोटूक किंवा नोझल शेजारी चालू असतानाच किक मारलेली दुचाकी हे दूरचे धोके नव्हेत. डिझेल त्या मानाने शांत असते, कारण पेट घेण्याइतकी वाफ सोडायला त्याला बरेच जास्त तापमान लागते. मात्र एकाच पंपावर दोन्ही इंधने शेजारी-शेजारी विकली जात असल्याने डिझेल गाडीच्या मालकालाही वेगळे नियम लागू होत नाहीत.

पंपावर जाण्यापूर्वी

काटा पाव टाकीवर आला की इंधन भरून घेण्याची सवय लावावी. राखीव इंधनाचा दिवा लागेपर्यंत थांबण्यात दोन तोटे आहेत. पहिला असा की आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांमध्ये इंधनाचा पंप टाकीच्या आतच बसवलेला असतो आणि भोवतालचे इंधनच त्याला थंड ठेवते, त्यामुळे टाकी वारंवार कोरडी होत आली तर त्या पंपाचे आयुष्य घटते. दुसरा तोटा असा की मग पंप निवडण्याचे स्वातंत्र्य उरत नाही आणि समोर जो येईल तिथे, असेल त्या रांगेत उभे राहावे लागते. जानेवारी २०२४च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांच्या संपामुळे राज्यभर पंपांवर जी झुंबड उडाली, तिच्यात सर्वाधिक हाल ज्यांच्या गाडीचा दिवा आधीच लागला होता त्यांचे झाले. माळशेज किंवा ताम्हिणीसारख्या घाटात शिरण्यापूर्वी, रात्रीच्या प्रवासाला निघण्यापूर्वी आणि समृद्धी महामार्गासारख्या लांबच लांब रस्त्यावर चढण्यापूर्वी टाकी भरलेली असावी.

टाकीचे तोंड गाडीच्या कोणत्या बाजूला आहे हे दुसऱ्याची किंवा भाड्याची गाडी चालवताना हमखास विसरायला होते. डॅशबोर्डवर इंधनाच्या चिन्हाशेजारी बहुधा एक छोटा बाण असतो आणि तो ज्या बाजूला रोखलेला असेल त्या बाजूला झाकण असते. त्यानुसार रांग निवडली की नळी गाडीवरून ओढत, रंगाला घासत नेण्याची वेळ येत नाही.

पंपाच्या आवारात टँकर रिकामा होत असेल तर शक्यतो दुसरा पंप गाठावा किंवा थोडे थांबावे. त्या वेळी परिसरात वाफ जास्त असते आणि भूमिगत टाकीचा तळ ढवळला जाऊन गाळ वर येण्याची शक्यताही असते.

मशीनपाशी उभे राहिल्यावर

गाडी मशीनपासून एवढ्या अंतरावर लावावी की दार पूर्ण उघडेल आणि नळी ताणली जाणार नाही. हँडब्रेक ओढून इंजिन बंद करावे. बटणावर चालू होणाऱ्या गाड्यांमध्ये इंजिन बंद झाले तरी प्रज्वलन (इग्निशन) चालूच राहिलेले असू शकते, म्हणून डॅशबोर्ड पूर्ण विझला आहे ना हे पाहावे. सिगारेट पेटलेली असेल तर ती पंपाच्या आवारात शिरण्यापूर्वीच विझवलेली असली पाहिजे, हे वेगळे सांगायला नको. पेट्रोल-डिझेल भरताना मुले आणि वृद्ध गाडीत बसून राहिले तरी चालते, मात्र सगळ्या काचा वर कराव्यात. पेट्रोलमध्ये बेंझीनसारखे घटक असतात, नियमाप्रमाणे बेंझीनचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत असू शकते, आणि ती वाफ बंद केबिनमध्ये भरून घेण्यात काही शहाणपण नाही. दुचाकीवरून मात्र मागे बसलेल्या माणसासकट सगळ्यांनी उतरलेच पाहिजे, कारण तिथे टाकीचे तोंड थेट मांड्यांमध्ये असते.

खाली उतरल्यावर टाकीच्या झाकणाला हात लावण्यापूर्वी गाडीच्या उघड्या धातूला, म्हणजे दाराच्या कडीला किंवा बिजागरीला, क्षणभर स्पर्श करावा. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत, विशेषतः विदर्भात आणि मराठवाड्यात, सीटवरून उतरताना कपड्यांच्या घर्षणाने अंगावर स्थिर विद्युतभार साठतो आणि पहिल्या स्पर्शाला बारीकशी ठिणगी उडते. ती ठिणगी दारापाशी उडाली तर हाताला चटका बसण्यापलीकडे काही होत नाही, पण टाकीच्या तोंडापाशी ती उडता कामा नये.

यानंतर इंधनाचे नाव पूर्ण आणि स्पष्ट सांगावे. ‘फुल कर’ एवढे पुरेसे नाही. ‘पेट्रोल, साधे, दोन हजारांचे’ असे सांगावे आणि कर्मचाऱ्याने तेच शब्द परत उच्चारले की पुढे जावे. ‘साधे’ हा शब्द आवर्जून वापरावा, कारण न विचारताच महागडे प्रीमियम पेट्रोल भरले जाण्याचा अनुभव अनेकांना आहे. नळीच्या रंगावर विसंबू नये, मशीनवरचे नाव वाचावे. माझ्या मेहुण्याच्या डिझेल गाडीत सोलापूर रस्त्यावरच्या एका पंपावर बारा लिटर पेट्रोल गेले, तेव्हा तो गाडीतच बसून फोनवर बोलत होता आणि कर्मचारी त्या दिवशी कामावर नवीन होता. चूक दोघांची होती, खर्च मात्र एकाला आला.

शून्य, दर आणि माप

‘साहेब, झिरो बघा’ हे वाक्य कर्मचारी सवयीने म्हणतो आणि आपण सवयीने मान डोलावतो. पाहायचे मात्र तीन आकडे असतात: रक्कम, लिटर आणि दर. पहिले दोन शून्यावर असावेत आणि दर फलकावरच्या त्या दिवशीच्या दराशी जुळावा. फसवणुकीची सर्वांत जुनी रीत अशी की दोन हजार सांगितले असता पाचशेवर मशीन थांबवायचे, ‘चुकून पाचशेच टाकले’ म्हणायचे आणि शून्य न करता किंवा शून्य केल्याचा भास करून पुढचे दीड हजार मोजायचे. त्याच वेळी दुसरा कर्मचारी कार्ड, हवा किंवा काच पुसण्याविषयी बोलू लागला तर नजर मशीनवरून हलू देऊ नये. मध्येच थांबलेच तर जेवढे गेले तेवढ्याचे बिल आधी घ्यावे, मग उरलेल्या रकमेसाठी पुन्हा शून्यापासून सुरुवात करायला सांगावे. शंभराऐवजी एकशेदहाचे पेट्रोल भरल्यास फसवणूक टळते हा समज मात्र फारसा उपयोगाचा नाही, कारण मापात खोट असेल तर ती कोणत्याही आकड्याला असते.

मापाविषयी शंका असल्यास पाच लिटरच्या प्रमाणित मापात इंधन मोजून दाखवण्याची मागणी ग्राहकाला करता येते. हे माप वैधमापन शास्त्र विभागाने तपासून शिक्का मारलेले असते आणि पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमाला धरून मानला जातो. भेसळीची शंका असेल तर गाळण कागदाची चाचणी मागावी: नोझलचे टोक पुसून पेट्रोलचा एक थेंब कागदावर टाकला असता तो दोनएक मिनिटांत उडून गेला पाहिजे आणि मागे डाग राहता कामा नये. घनतेची नोंदही पंपावर लावलेली असते. पेट्रोलची घनता १५ अंश सेल्सिअसला प्रति घनमीटर ७२० ते ७७५ किलो या मर्यादेत असावी लागते. पण केवळ या मर्यादेत असणे पुरेसे नाही, ती त्या दिवशी नोंदवलेल्या आकड्याशी तीन किलोच्या फरकाने जुळली पाहिजे. या चाचण्या मागताना आवाज चढवण्याची गरज नसते. व्यवस्थापकाला बोलावून शांतपणे मागितले की बहुतेक ठिकाणी माप बाहेर येते, आणि टाळाटाळ झालीच तर तेही एक उत्तरच असते.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. पुस्तिकेत टाकीची क्षमता ३५ लिटर लिहिली असताना मशीनने ३७ लिटर दाखवले, म्हणून पंपवाल्याने लुबाडले असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. कंपनीने दिलेला आकडा सुरक्षित मर्यादेपर्यंतचा असतो. तोंडापर्यंतची नळी आणि वाफेसाठी ठेवलेली मोकळी जागा भरली गेली की प्रत्यक्षात त्याहून जास्त इंधन मावते. तसे ते भरायचे नसते, हा भाग वेगळा.

पहिल्या ‘कट’ला थांबावे

नोझलच्या टोकाला एक बारीक छिद्र असते. इंधन वाहत असताना त्या छिद्रातून हवा ओढली जाते आणि टाकीतली पातळी वर येऊन ते छिद्र झाकले गेले की आतला दाब बदलून खटका सुटतो. यालाच आपण ‘ऑटो कट’ म्हणतो. तो आवाज आला की टाकी भरली. यानंतर ‘राउंड करू का?’ असे विचारत कर्मचारी थोडे-थोडे पेट्रोल दाबत राहतो आणि ४० पैशांचा हिशेब सुटावा म्हणून आपणही होकार देतो. हा होकार महाग पडू शकतो. टाकीतून निघणारी वाफ धरून ठेवण्यासाठी गाडीत कोळशाचा एक डबा बसवलेला असतो. टाकी गळ्यापर्यंत भरल्यास त्यात वाफेऐवजी द्रव पेट्रोल शिरते आणि तो निकामी होतो. मग केबिनमध्ये पेट्रोलचा वास येणे, इंजिन जागच्या जागी असमान चालणे अशा तक्रारी सुरू होतात आणि गॅरेजमध्ये त्यांचे मूळ सापडायला वेळ लागतो. शिवाय पेट्रोल उष्णतेने फुगते. भूमिगत टाकीतल्या गारव्यातून आलेले ४० लिटर पेट्रोल दहा अंशांनी तापले तर साधारण ४०० मिलिलिटरने वाढते, आणि त्या वाढीसाठी वर जागा लागते.

याच मुद्द्यावरून दर उन्हाळ्यात एक संदेश फिरतो, की टाकी पूर्ण भरल्यास गाडीचा स्फोट होतो. इंडियन ऑइलने याचे जाहीरपणे खंडन केलेले आहे. पहिल्या कटपर्यंत भरलेली टाकी मे महिन्यातही सुरक्षितच असते, कारण फुगण्याची जागा गाडी बनवणाऱ्यांनी आधीच ठेवलेली असते. पहाटे भरल्यास पेट्रोल जास्त मिळते हाही त्यातलाच प्रकार आहे. जमिनीखालच्या टाकीचे तापमान दिवसभरात फारसे बदलतच नाही.

नोझल बाहेर काढण्यापूर्वी दोन-तीन सेकंद तसेच धरून ठेवायला सांगावे, म्हणजे नळीतले उरलेसुरले इंधन टाकीत निथळते आणि गाडीच्या रंगावर ओघळ येत नाही. झाकण दोन-तीनदा ‘कट-कट’ वाजेपर्यंत स्वतः फिरवावे आणि बाहेरची झडप दाबून बंद करावी.

मोबाइल आणि पैसे

पंपावर मोबाइल वापरू नये अशी पाटी असते आणि त्याच पाटीखाली मशीनला यूपीआयचा क्यूआर कोड चिकटवलेला असतो. या विसंगतीचे हसू येते खरे, पण नियमामागचे कारण समजून घेतले तर मार्ग सोपा आहे. मोबाइलच्या लहरींनी पंपावर आग लागल्याचे खात्रीचे उदाहरण सापडणे कठीण आहे. आग लागते ती स्थिर विजेने, उघड्या ज्योतीने किंवा चालू इंजिनाने. मोबाइलचा खरा तोटा लक्ष विचलित होण्याचा आहे. म्हणून नोझल मशीनवर परत गेल्यावर आणि झाकण लागल्यावर चार पावले बाजूला होऊन पैसे द्यावेत. छापील बिल न चुकता घ्यावे, कारण पुढे तक्रारीची वेळ आली तर तेवढाच पुरावा हाती असतो.

पावसाळ्यात

सध्या आपल्याकडे मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. थोडे पाणी त्यात सामावून जाते, पण प्रमाण वाढले की इथेनॉल आणि पाण्याचे मिश्रण पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. गाडीचा पंप इंधन तळातूनच उचलतो, त्यामुळे इंजिन आचके देऊ लागते. मुसळधार पावसात टाकीचे तोंड छताबाहेर येईल अशी गाडी उभी करू नये आणि ज्या पंपाच्या आवारात पाणी तुंबलेले आहे तिथे त्या दिवशी इंधन घेऊ नये. भरल्यानंतर पाच-दहा किलोमीटरच्या आत गाडी अडखळू लागली तर ती रेटत न नेता थांबवावी, गॅरेजमध्ये टाकीतला नमुना पारदर्शक बाटलीत काढून घ्यावा आणि बिलासह तक्रार करावी. तक्रारवही पंपावरच उपलब्ध असावी लागते, कंपनीचा क्रमांक फलकावर लिहिलेला असतो आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

वादळी वारा सुटला असताना आडोशासाठी पंपाच्या छताखाली थांबण्याचा मोह होतो. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडा नगर परिसरात एक अवाढव्य जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ जणांचा जीव गेला. आसपास मोठे फलक असलेल्या पंपावर अशा वेळी थांबू नये.

सीएनजीची गाडी असेल तर

सीएनजीचे नियम पेट्रोलपेक्षा कडक आहेत आणि ते तसेच असायला हवेत. हा वायू सुमारे २०० बार दाबाने भरला जातो, म्हणजे गाडीच्या चाकातल्या हवेच्या जवळजवळ शंभर पट. त्यामुळे इथे लहान मुले, वृद्ध, झोपलेले प्रवासी असा अपवाद नाही. सगळ्यांनी उतरून मशीनपासून दूर उभे राहावे. टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते आणि तिची तारीख गाडीवरच्या पट्टीवर असते. मुदत संपली असेल तर पंपावर वायू नाकारला जाऊ शकतो आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. ६० लिटर पाणीक्षमतेच्या टाकीत साधारण आठ ते दहा किलो वायू बसतो; पंपावरचा दाब कमी असेल किंवा हवा तापलेली असेल तर तेवढाही बसत नाही, आणि त्यात कर्मचाऱ्याचा दोष नसतो. मुंबई-पुण्यातल्या संध्याकाळच्या रांगा टाळायच्या असतील तर पहाटे किंवा रात्री उशिरा जावे.

डब्यात किंवा बाटलीत पेट्रोल

पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल घेऊ नये. ते प्लास्टिक पेट्रोलसाठी बनवलेले नसते, झाकण वाफेचा दाब धरत नाही आणि प्लास्टिकवर विद्युतभार साठतो. नाइलाज असेल तर पेट्रोलसाठीचाच घट्ट झाकणाचा डबा न्यावा, तो गाडीच्या डिकीत किंवा पायपुसणीवर न ठेवता जमिनीवर ठेवून भरून घ्यावा, नोझल डब्याच्या तोंडाला टेकलेली असावी आणि वरचा थोडा भाग रिकामा राहू द्यावा. कित्येक ठिकाणी सुट्या पेट्रोलच्या विक्रीवर प्रशासनाचे निर्बंध असतात. अशा वेळी कर्मचाऱ्याने नकार दिला तर त्याच्याशी हुज्जत घालू नये.

चुकीचे इंधन गेले तर

लक्षात आल्या क्षणी किल्लीला हात लावू नये. अनेक गाड्यांमध्ये नुसते प्रज्वलन चालू केले तरी टाकीतला पंप फिरतो आणि चुकीचे इंधन पुढे ढकलले जाते. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून बाजूला घ्यावी, व्यवस्थापकाकडून घटनेची लेखी नोंद घ्यावी आणि गाडी टो करून टाकी पूर्ण रिकामी करवून घ्यावी. डिझेल गाडीत पेट्रोल जाणे अधिक खर्चिक असते, कारण तिच्या उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलच पुरवते आणि पेट्रोल ते वंगण धुऊन काढते. ‘वरून डिझेल टाका, पातळ होईल’ हा सल्ला ऐकू नये. माझ्या मेहुण्याने तो ऐकला नाही म्हणून त्याचे काम टाकी साफ करण्यावर भागले. नव्या डिझेल गाड्यांमध्ये निळ्या झाकणाची डीईएफची, म्हणजे धुरातले प्रदूषण कमी करणाऱ्या द्रावणाची, वेगळी टाकी असते. ते द्रावण युरियाचे असते आणि डिझेलच्या टाकीत त्याचा एक पेलाही जाता कामा नये.

सांडले किंवा पेटले तर

जमिनीवर पेट्रोल सांडले असेल तर त्यावर वाळू पडेपर्यंत इंजिन चालू करू नये. भरताना ज्वाळा दिसली तर नोझल टाकीतून ओढून काढू नये, कारण तसे केल्यास पेटते पेट्रोल चहूकडे उडते. ती तशीच सोडून गाडीतल्या माणसांना बाहेर काढावे, लांब जावे आणि कर्मचाऱ्यांना आपत्कालीन बटण दाबायला ओरडून सांगावे. पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते.

डोळ्यांत पेट्रोल उडाले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी आणि डॉक्टरांकडे जावे. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढण्याची जुनी सवय असलेल्यांच्या पोटात ते गेले तर उलटी करवू नये, कारण उलटीबरोबर ते फुप्फुसात शिरण्याचा धोका असतो. थेट रुग्णालय गाठावे. अंगावर सांडले असेल तर कपडे लगेच बदलावेत आणि त्वचा साबणाने धुवावी. ते कपडे घरी नेल्यावर स्वयंपाकघरापासून दूर, उघड्या हवेत वास पूर्ण जाईपर्यंत टांगून ठेवावेत आणि मगच हाताने धुवावेत. ओले असताना ते वॉशिंग मशीनमध्ये टाकू नयेत.